स्टेअरिंगचं तेल जातं कुठे?

एके काळी मोटार चालवणं हे दंडाच्या ताकदीचं काम समजलं जाई. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की ती भारदस्त अँबॅसडर, उभ्या जागी वळवायची म्हणजे जात्यावर पायलीभर दळण दळल्यासारखे खांदे भरून यायचे. ‘बायकांचं ते काम नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना आयतंच कारण मिळायचं. पॉवर स्टेअरिंग आलं आणि ते कारण संपलं. आता आमच्याकडे भंडारा, साकोली, लाखनी, तुमसर अशा गावांतून कितीतरी जणी मुलांना शाळेत सोडायला नाहीतर सासूबाईंना दवाखान्यात न्यायला स्वतः गाडी काढतात.

पण मैत्रिणींनो, घराघरांत असलेल्या गाड्या काही सगळ्याच नव्या कोऱ्या नसतात. कुणी दिराची जुनी गाडी घेतलेली असते, कुणी नागपूरहून सेकंडहँड आणलेली असते. टाटा सुमो, बोलेरो, क्वालिस, जुनी स्कॉर्पिओ, पहिली इनोव्हा, इंडिका, एस्टीम अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्यातल्या ज्यांना पॉवर स्टेअरिंग आहे, त्यांपैकी बहुतेकांचं ते तेलाच्या दाबावर चालतं. आणि मग एखाद्या सकाळी गाडी फाटकातून वळवताना वाटतं, ‘अगंबाई, आज स्टेअरिंग इतकं जड का लागतंय?’ किंवा पूर्ण वळवलं की बॉनेटखालून कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंईऽऽ असा आवाज येतो.

अशा वेळी गाडी मिस्त्रीकडे नेली की तो झाकण उघडतो, “ऑइल कमी आहे जी,” म्हणतो, थोडं ओततो आणि पैसे घेतो. आठ दिवस बरे जातात. पुन्हा तेच! दुसरा मिस्त्री म्हणतो, “ऑइलच चुकीचं आहे, दुसरं टाकू.” तिसरा म्हणतो, “पूर्ण रॅकच बदला.” शेवटी तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी घरच्यांची गत होते.

हे टाळायचं तर एकच गोष्ट मनात पक्की धरायला हवी. पॉवर स्टेअरिंगचं तेल जळत नाही आणि संपत नाही. पेट्रोल-डिझेल जळतं, जुन्या इंजिनात इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कुकरमधलं पाणी वाफ होऊन शिटीतून जातं. स्टेअरिंगच्या तेलाला अशी शिटीच नाही. ते बंद नळ्यांतून तेवढंच्या तेवढं गोल फिरत राहतं. म्हणून ते कमी झालं असेल तर ते कुठूनतरी गळलेलं आहे, दुसरं काही नाही. नुसतं वरून ओतणं हा उपाय नव्हे आणि तेलाची जात बदलणं हाही गळतीवरचा उपाय नव्हे. आधी विचारायचं ते हे, की तेल गेलं कुठे?

आत असतं तरी काय?

ही युक्ती तशी जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने १९२६ साली तेलाच्या दाबावर वळणारी गाडी चालवून दाखवली. पण बाजारात विकायच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडलं. क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ती पहिल्यांदा बसली. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला झेडएफ स्टेअरिंग गिअर ही १९८१ साली स्थापन झालेली कंपनी ट्रक-बसची पॉवर स्टेअरिंगं बनवते.

रचना समजायला अवघड नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो तेलावर दाब आणतो. तुम्ही स्टेअरिंग डावीकडे वळवलंत की आतली झडप ते तेल डाव्या वळणाला मदत होईल अशा बाजूने सोडते, उजवीकडे वळवलंत की दुसऱ्या बाजूने. काम झालेलं तेल परत डबीत येतं आणि पुन्हा पंपाकडे जातं. सगळं मिळून तेल साधारण लिटरभराच्या आसपास, गाडीप्रमाणे कमीजास्त.

दाब मात्र थोडाथोडका नसतो. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की पंपाकडून निघणाऱ्या पाइपात हजार पौंडांच्याही वर दाब जातो. एवढा दाब धरून ठेवायचं काम रबरी पाइपांचं आणि रबरी सीलांचं. आणि रबराचं काय होतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक! कुकरची रिंग नवी असते तेव्हा कशी मऊ, लुसलुशीत असते, आणि वर्षानुवर्षं आच खाऊन ती कशी कडक होते, मग कडेने वाफ सोडायला लागते. स्टेअरिंगचं सील तसंच म्हातारं होतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यावर इंजिनाची धग. रबराने टिकावं तरी किती?

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हे तेलाचं प्रकरणच नसतं. तिथे विजेची मोटर स्टेअरिंगला हात लावते. अशी पहिली गाडी सुझुकीची सर्व्हो, जपानमध्ये १९८८ साली आली. आपल्याकडच्या वॅगन आर, अल्टो अशा गाड्यांतही पॉवर स्टेअरिंग आहे ते विजेवरचंच. तेव्हा आधी आपल्या घरच्या गाडीत काय आहे ते पाहून घ्या.

बॉनेट उघडा, घाबरू नका

इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा. स्टेअरिंगच्या चाकाचं चित्र असलेलं झाकण शोधा. ते सापडलं तर गाडी तेलावरची. सगळं शोधूनही नाही सापडलं तर बहुतेक विजेवरची, मग पुढचा लेख शेजारणीला वाचायला द्या.

झाकणाखाली कांडी असते नाहीतर डबीवरच खुणा असतात. खालची ‘मिन’ आणि वरची ‘मॅक्स’. काही गाड्यांत ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन खुणा असतात, कारण गरम झालं की तेल फुगतं. थंड गाडीला थंडची खूण पाहावी. ही खूण महिन्यातून एकदा पाहिली तरी पुरे. गॅस सिलेंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितो ना, तशी तिथेच नोंद करून ठेवा. तीन महिन्यांत लेव्हल जराही हलली नाही तर चिंता नको.

आता कांडीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. तेल स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर बरं. चहाच्या उकळीसारखं गडद तपकिरी किंवा काळपट, जळका वास येणारं असेल तर जुनं झालं. दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलंय. फेस दिसत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. काळ्या तेलात झिजलेल्या रबराचे आणि धातूचे बारीक कण असतात, आणि तेच पुढे पंप खरवडतात.

वर्तमानपत्राची परीक्षा

गळती शोधायला पहिलं साधन आपल्या घरात रोज येतं. रात्री गाडी उभी केली की पुढच्या भागाखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला विटा ठेवा. पुढचा डावा टायर, उजवा टायर कुठे येतो ते कागदावर पेनाने लिहा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा.

डागाचा रंगही बोलतो. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर रेडिएटरचं कूलंट. ते विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नका. काळं, दाट असेल तर इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बुळबुळीत डाग असेल तर ते ब्रेकचं ऑइल असू शकतं. अशी गाडी हलवूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा. लालसर किंवा तपकिरी, पातळ आणि तेलकट डाग पट्ट्याच्या बाजूला किंवा दोन चाकांच्या मधल्या आडव्या पट्टीत पडला असेल, तर ते स्टेअरिंगचं तेल असण्याचा संभव जास्त.

आता नेमकी जागा. गळती बहुधा या पाच ठिकाणी असते. स्वस्त जागेपासून सुरुवात करू.

पहिली जागा म्हणजे परतीचा पाइप आणि त्याच्या क्लिपा. यातून तेल डबीत परत येतं. इथे दाब कमी असतो. पाइपाचं टोक कडक होतं, क्लिप सैल पडते आणि तेल झिरपतं. क्लिप अगदी किरकोळ किमतीची असते.

दुसरी जागा डबी आणि तिच्याखालचं गोल रबर. डबीला चीर जाते. कधीकधी या बाजूने तेल बाहेर येतच नाही, उलट हवा आत ओढली जाते. मग जमिनीवर डाग नाही पण तेलाला फेस आणि पंपाला आवाज, असा चकवा होतो.

तिसरी जागा दाबाचा पाइप. जिथे रबर आणि लोखंडी टोक एकत्र दाबून बसवलेलं असतं तिथे तो ओला दिसतो. याला साधा पाइप, रबराची पट्टी, क्लिप असलं काहीही चालत नाही. इंजिन चालू असताना याच्यावरून हातही फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम वरून टिकलीएवढी दिसली तरी तातडीने दवाखान्यात जाण्याइतकी गंभीर असते. जुन्या गाडीचा तयार पाइप मिळत नसेल तर ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारी दुकानं जुनी टोकं पाहून तेवढ्या दाबाचा नवा पाइप करून देतात.

चौथी जागा पंपाचं सील. पंपाच्या चाकामागे ओलं दिसतं आणि पट्ट्यावर तेल उडतं. पट्टा तेलाने भिजला की घसरतो आणि लवकर खराब होतो. तेव्हा सील बदलताना पट्टाही पाहून घ्यावा.

पाचवी आणि महागातली जागा म्हणजे रॅक. दोन्ही पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर भात्यासारखी घडीची रबरी टोपणं असतात, त्यांना बूट म्हणतात. रॅकचं सील गेलं की तेल या बुटात साठतं. बूट हलकेच दाबला की आत तेल डुचमळताना कळतं. बूट फाटका असेल तर आपल्या धुऱ्या-पांदणीच्या रस्त्यावरची माती आणि चिखल आत जाऊन रॅक खरवडला जातो, म्हणून फाटका बूट तेल गळत नसला तरी ताबडतोब बदलावा. सुमो-बोलेरोसारख्या काही जुन्या गाड्यांत रॅकऐवजी स्टेअरिंगची पेटी असते. तिच्या खालच्या दांड्याचं सील गळतं.

मिस्त्रीला सांगून आधी सगळा भाग डिझेल किंवा क्लीनरने पुसून कोरडा करून घ्या. मग इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग दोन्हीकडे वळवायचं आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात लांबून पाहायचं. आधीच सगळीकडे माखलेल्या तेलात पाहिलं तर खालचा रॅकच दोषी दिसतो, कारण वरून गळलेलं तेल शेवटी त्याच्यावरच येऊन टपकतं.

शेजारच्या काकूंची गाडी

हे किती खरं आहे ते आमच्या शेजारी पाहायला मिळालं. आमचं कारधा वैनगंगेच्या काठी, पलीकडे भंडारा आणि शेजारून नागपूर-रायपूर महामार्ग. शेजारच्या काकूंकडे पंधरा वर्षांहून जुनी डिझेल गाडी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. काकूंनी ती नुकतीच वाढवून घेतलेली. काकांना अर्धांगाचा झटका आलेला, त्यांना दर पंधरा दिवसांनी नागपूरला न्यावं लागे. बसमध्ये चढणं त्यांना शक्य नाही आणि भाड्याची गाडी दर वेळी परवडत नाही. गाडी चालवतात काकूंची सून.

स्टेअरिंग जड झालं तशी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे सांगण्यात आलं, “रॅकच गेला जी काकू. पूर्ण बदलावा लागंन.” सांगितलेला आकडा ऐकून घरात गाडी विकायचीच भाषा सुरू झाली. जुनी गाडी घेणाराही असा टपलेलाच असतो! सून मात्र म्हणाली, “आई, विकायच्या आधी एकदा नीट पाहू तर द्या.”

तिने आणि मी मिळून दोन रात्री वर्तमानपत्रं अंथरली. दोन्ही दिवशी डाग पट्ट्याच्या बाजूला, डबीच्या बरोबर खाली. बूट दाबून पाहिले, दोन्ही कोरडे. मग गावातल्याच एका मिस्त्रीला घरी बोलावलं, सगळं पुसायला लावलं आणि इंजिन चालू केलं. पाचव्या मिनिटाला परतीच्या पाइपाच्या क्लिपेखाली लाल मोती जमायला लागला. हातभर पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या, आतलं काळं तेल काढून नवं भरलं. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, काकांच्या नागपूरच्या फेऱ्या त्याच गाडीतून चालू आहेत.

प्रत्येक वेळी असं स्वस्तात सुटेल असं मी म्हणत नाही. रॅक खरोखरच गेलेला असू शकतो. तेव्हाही विचारावं, की नुसतं सीलकिट बसवून भागेल का, दुरुस्त केलेला रॅक मिळेल का, की नवाच हवा? आतला दांडा खरवडलेला असेल तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही. रॅकचं काम झालं की चाकांचं अलाइनमेंट करून घेणं आवश्यक, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात.

तेल कोणतं घालायचं?

आता तेलाच्या जातीविषयी. घरात करडईचं, शेंगदाण्याचं, जवसाचं तेल असतं. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर फार तर चव बदलते. इथे तसं नाही. सील कोणत्या रबराचं आहे आणि पंपाला किती पातळ तेल हवं, यावर तेल ठरलेलं असतं. नाव झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. तेवढंच खरं मानायचं.

ढोबळमानाने तीन घराणी आहेत. एक एटीएफ, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरसाठी बनवलेलं तेल; बहुधा लाल. डेक्स्रॉन हे नाव याच घराण्यातलं. दुसरं, काही कंपन्यांनी खास स्टेअरिंगसाठी ठरवलेलं पीएसएफ; होंडा, ह्युंदाई यांच्या गाड्यांवर असं लिहिलेलं आढळतं. तिसरं सीएचएफ नावाचं कृत्रिम तेल, बहुधा हिरवं, काही युरोपियन गाड्यांत. पण केवळ रंगावर जाऊ नका. रंग हा वरून मिसळलेला असतो, हळदीचा पिवळा आणि खायचा पिवळा रंग वेगळा ओळखू येत नाही तसंच हे.

जुन्या गाड्यांपुढे एक खरी अडचण येते. पुस्तिकेत डेक्स्रॉन दोन किंवा तीन लिहिलेलं असतं आणि दुकानदार म्हणतो, “ते आता येत नाही.” जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-तीनचे परवाने २००६ च्या अखेरीस बंद केले आणि त्याच्या जागी डेक्स्रॉन-सहा आणलं, हे खरंच आहे. पण तीनच्या दर्जाचं म्हणून बनवलेलं तेल अजून विकत मिळतं. सहा नंबरचं तेल नवं असताना तीनपेक्षा पातळ असतं, आणि पातळ तेल झिजलेल्या सीलमधून अधिक सहज झिरपू शकतं. म्हणून जुन्या गाडीला तीनच्या दर्जाचं मिळत असेल तर तेच घ्यावं, आणि डब्यावर ‘पॉवर स्टेअरिंगसाठी योग्य’ असं लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्यावं.

आणि ब्रेक ऑइल? ते चुकूनसुद्धा नाही! डब्या शेजारी-शेजारी असतात, घाईत कुणी त्यातलं ओततं. ब्रेकचं नेहमीचं तेल वेगळ्याच रसायनाचं असतं. ते स्टेअरिंगच्या सीलांना फुगवतं, मऊ करतं आणि सगळी सीलं एकदम जातात. उलट स्टेअरिंगचं तेल ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकची रबरं खराब होतात, मग तर जिवाशीच गाठ. असं कुणाच्या हातून झालंच तर गाडी चालूसुद्धा न करता मिस्त्रीला बोलवावं.

बदलायची रीत

तेल जुनं झालंय पण जात तीच ठेवायची आहे, तर घरीही करता येईल अशी सोपी रीत आहे. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि हातभर पातळ नळी घ्या. इंजिन बंद असताना डबीतलं तेल ओढून बाटलीत काढा, तेवढंच नवं भरा. इंजिन चालू करून स्टेअरिंग सावकाश डावीकडून उजवीकडे दोन-तीनदा फिरवा. आठवडाभर गाडी वापरा आणि पुन्हा करा. अशी चार-पाच आवर्तनं करा.

पण याचा हिशेब समजून घ्या. समजा डबीत एकूण तेलाच्या तिसरा हिस्सा मावतो. मग एका वेळी दोन हिस्से जुनंच राहतं. पाच वेळा केल्यावरही सुमारे आठवा हिस्सा जुनं तेल आत असतंच. जात तीच असेल तर हे चालतं. जात बदलायची असेल तर मात्र चालत नाही. तेव्हा पूर्ण धुलाईच हवी आणि ती मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. आपण फक्त पुढच्या गोष्टी होतात ना, ते पाहायचं:

१. आधी गळती दुरुस्त, मग नवं तेल. उलट क्रम म्हणजे फुटक्या माठात पाणी.

२. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर पक्की टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये.

३. परतीचा पाइप डबीकडून सोडवून बाटलीत धरावा आणि डबीचं मोकळं तोंड बुच लावून बंद करावं. इंजिन थोडा थोडा वेळच चालू करावं, तेल बाहेर येईल तसतसं वरून नवं ओतत राहावं. पंप कोरडा पडू देऊ नये.

४. स्वच्छ तेल यायला लागलं की पाइप जोडावा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवावं म्हणजे आतली हवा निघते. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवावं, फेस विरेपर्यंत थांबावं आणि लेव्हल पाहावी.

५. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. हे रोजच्या गाडी चालवण्यातही लक्षात ठेवा. त्या अवस्थेत पंपावर सर्वांत जास्त ताण येतो.

गळती थांबवणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात. त्यातली द्रव्यं कडक झालेल्या सीलाला थोडं फुगवून मऊ करतात. बारीक पाझर असेल तर काही दिवस निभावतं. पण फाटलेलं सील, तडकलेला पाइप किंवा सैल क्लिप त्याने कशी बरी होणार? लांबच्या प्रवासाआधी या बाटलीवर विसंबू नये. तेल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडलं तर धूर निघतो आणि पेटही घेऊ शकतं, हे विसरू नका.

रस्त्यात जड झालं तर

महामार्गावर एकाएकी स्टेअरिंग जड झालं तर प्रथम हे ध्यानात घ्या, की चाकं अजून वळतात. मदत गेली आहे, ताबा गेलेला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, इंडिकेटर देऊन कडेला घ्या. चालत्या गाडीची किल्ली बंद करू नका. तिने स्टेअरिंगला कुलूप पडू शकतं. थांबल्यावर आधी पट्टा पाहा. तोच पट्टा काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. तो तुटला असेल तर इंजिन तापेल, तेव्हा तशीच पुढे नेऊ नका.

आपल्या नदीकाठच्यांसाठी आणखी एक सूचना. कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस महापुरात काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात उभी राहिली असेल तर इंजिनाबरोबर स्टेअरिंगच्या डबीतही पाणी जाऊ शकतं. पूर ओसरल्यावर ती चालू करून पाहण्याचा मोह आवरा. तेल ताकासारखं दिसलं तर सगळं काढून धुवायलाच हवं, नाहीतर आतून गंज चढतो.

उरलेलं तेल आणि डाग

काढलेलं जुनं तेल मोरीत, नालीत, बांधावर की नदीत टाकू नका. वापरलेलं तेल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. पाण्याच्या किंवा खायच्या तेलाच्या बाटलीत तर ते मुळीच ठेवू नये.

फरशीवर सांडलं तर आधी लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषू द्या, झाडून घ्या, मग साबणाच्या गरम पाण्याने घासा. साडीला किंवा ओढणीला डाग पडला तर चोळू नका. त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड घालून तासभर ठेवा, झटकून भांड्यांचा पातळ साबण लावा आणि कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवली तर तो कायमचा बसतो. हातांना काम करताना रबरी मोजे घालावेत आणि नंतर साबणाने स्वच्छ धुवावेत.

सगळं काम स्वतः करायला हवं असं मुळीच नाही. कुकर दुरुस्त करणाऱ्यालाही आपण विचारतोच ना, ‘रिंग गेली का व्हॉल्व्ह?’ तसंच इथेही, मिस्त्री तेल ओतायला लागला की त्याला थांबवून म्हणायचं, “भाऊ, भरा तुम्ही, पण आधी ते गळतंय कुठून ते मला दाखवा. आणि जुना भाग काढलात की तो माझ्या हातात द्या.” चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट बॅटरी घेऊन बोटाने जागा दाखवतो.